खांद्याची शीर: दुर्बिणीतून जोडायची की उघडून?

वाचकांचे प्रश्न, फिजिओथेरपिस्टची उत्तरं

गुडघ्याच्या लेखानंतर आलेल्या पत्रांत खांद्याचीच पत्रं जास्त निघाली. त्यातली चार इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण त्यात विचारलेली गोष्ट मला सारखी कुणी ना कुणी विचारत असतं. मी ऑपरेशन करत नाही. सोलापुरात, पुण्यात, हैदराबादला शिवलेले खांदे पुढचे काही महिने व्यायामासाठी माझ्याकडे येतात. दुर्बिणीचा पेशंट आणि उघड्या ऑपरेशनचा पेशंट माझ्याकडे शेजारशेजारच्या खाटांवर असतात. जे लिहिते ते तिथून बघून लिहिते.

प्रश्न: ताई, माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, वय ५८. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. चार महिन्यांपूर्वी बीम (मागाचा सुताने भरलेला जड रूळ) चढवताना समोरच्या माणसाचा हात सुटला आणि सगळा भार अण्णांच्या उजव्या हातावर आला. तेव्हापासून हात खांद्याच्या वर जात नाही. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. गोळ्या झाल्या, मालिश झाली, इंजेक्शनही झालं. एमआरआयमध्ये सुप्रास्पायनेटस दोन सेंटिमीटर आरपार फाटलाय, थोडा मागे सरकलाय, स्नायूत चरबी ग्रेड १, असं लिहिलंय. इथले डॉक्टर म्हणतात, छोटा छेद देऊन शिवू. पुण्याचे डॉक्टर म्हणतात, दुर्बिणीतून करू. खर्चात जवळजवळ दुपटीचा फरक आहे. मामा म्हणतात, दुर्बिणीचंच करा, ते पक्कं असतं, महिन्याभरात माणूस कामाला लागतो. दुर्बिणीसाठी कर्ज काढावं का?
एक लेक, विडी घरकुल

उत्तर: फक्त दुर्बीण हवी म्हणून कर्ज काढू नका. पण शीर शिवून घेणं टाळू नका आणि लांबवूही नका. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्र वाचून वाटलं की तुमच्या घरात त्या एकमेकींत अडकल्या आहेत, आणि कुठली पद्धत यावर वाद चालला असताना अण्णांचे महिने जाताहेत.

आधी काय फाटलंय ते बघू. पाठीच्या फऱ्यावरून चार स्नायू निघतात आणि दंडाच्या हाडाचं डोकं पुढून, वरून, मागून धरून ठेवतात. त्यांच्या टोकाला पांढऱ्या, चिवट पट्ट्या असतात. त्याला डॉक्टर टेंडन म्हणतात, आपण शीर म्हणतो. चौघांना मिळून रोटेटर कफ. अण्णांचा फाटला तो वरचा, रिपोर्टमधला सुप्रास्पायनेटस. तो खांद्याच्या टोकाच्या हाडाखालून अगदी चिंचोळ्या जागेतून येतो, आणि चौघांत जास्त करून तोच फाटतो. हात उचलताना दंडाचं डोकं खोबणीत दाबून धरायचं काम त्याचं. तो सुटला की वरचा मोठा स्नायू, डेल्टॉइड, हात उचलण्याऐवजी हाडच वर खेचतो. म्हणून अण्णा हात वर न्यायला गेले की खांदा कानाकडे चढत असणार. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण शर्ट काढून आरशासमोर उभं करून बघा.

ऑपरेशनमध्ये करायचं असतं ते इतकंच: मागे सरकलेली शीर सैल करून पुढे आणायची, हाडावरची तिची मूळ जागा खरवडून ताजी करायची, आणि शीर तिथे दोऱ्याने घट्ट बसवायची. दोरा धरून ठेवायला हाडात छोटे खिळे बसवतात, त्यांना अँकर म्हणतात. उघड्या ऑपरेशनमध्ये अँकर न वापरता हाडाला बारीक भोकं पाडून त्यातून दोरा ओवायची जुनी रीतही आहे. दोऱ्याचं काम तात्पुरतं असतं. शीर हाडाला खरी चिकटते ती शरीर चिकटवतं म्हणून, आणि त्याला महिने लागतात. हे सगळं दोन्ही पद्धतींत सारखंच आहे. फरक आहे तो आत जायच्या वाटेचा.

ती वाट काळाप्रमाणे बदलत गेली. फाटलेली शीर शिवल्याचं बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी १९११ साली लिहिलं. त्यानंतर कितीतरी वर्षं मोठा छेद द्यायचा, डेल्टॉइड हाडापासून थोडा सोडवायचा, आत शिवायचं आणि तो परत जोडायचा, अशीच रीत होती. त्यात धोका डेल्टॉइडचा. तो नीट जुळला नाही तर हात उचलणारा मोठा स्नायूच कायमचा अधू व्हायचा. म्हणून सर्जननी छेद लहान केला. डेल्टॉइड कापायचा नाही, त्याचे धागे बाजूला सारून मधून आत जायचं. हल्ली जे उघडं ऑपरेशन सांगतात ते बहुतेक हेच, त्याला मिनी-ओपन म्हणतात. तुमच्या इथल्या डॉक्टरांनी ‘छोटा छेद’ म्हटलंय ते हेच असावं, पण त्यांना स्पष्ट विचारा: डेल्टॉइड हाडापासून सोडवणार का? नाही म्हणाले तर जुन्या उघड्या ऑपरेशनची मोठी भीती तिथेच संपली.

दुर्बिणीत एक सेंटिमीटरहून लहान अशी तीन-चार भोकं पाडतात. एका भोकातून कॅमेरा, बाकीच्यांतून अवजारं, आणि नीट दिसावं म्हणून सलाइनचं पाणी सतत आत सोडतात. त्या पाण्याने खांदा रात्रभर टम्म सुजलेला दिसतो. नातेवाईक घाबरतात, पण दुसऱ्या दिवसापर्यंत सूज बरीच उतरते. दुर्बिणीचे फायदे खरे आहेत. सांध्याची आतली बाजूही पाहता येते, त्यामुळे बायसेप्सची शीर खराब असेल किंवा पुढचा स्नायूही फाटला असेल तर ते तिथेच कळतं आणि दुरुस्त करता येतं. जखम पिकण्याचा धोका कमी. पहिल्या आठवड्यांत दुखणं थोडं कमी. व्रण लहान. पण सामान महाग, अँकर बहुतेक वेळा जास्त लागतात, आणि ते शिकायला सर्जनला वर्षं द्यावी लागतात. बिल वाढतं ते यामुळे. शिवण जास्त पक्की असते म्हणून नव्हे.

‘जास्त टिकतं का’ हा तुमचा नेमका प्रश्न ब्रिटनमधल्या सर्जननी तपासून पाहिला आहे. वेगवेगळ्या रुग्णालयांतले २७३ पेशंट त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले, एका गटाला दुर्बीण, दुसऱ्याला उघडं ऑपरेशन. पेशंटचं सरासरी वय ६३ च्या आसपास, म्हणजे अण्णांहून थोडं जास्त. निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले. खांद्याचं दुखणं आणि रोजची कामं यांना ४८ पैकी गुण द्यायची एक प्रश्नावली आहे. ऑपरेशनआधी दुर्बिणीच्या गटाचे सरासरी गुण २६ होते, उघड्या गटाचे २५. दोन वर्षांनी दोन्ही गट ४२ च्या जवळपास. मग खांदे तपासले तेव्हा दुर्बिणीच्या गटात सुमारे ४६ टक्के आणि उघड्या गटात सुमारे ३९ टक्के शिरा एक तर पुन्हा फाटलेल्या किंवा नीट न जुळलेल्या निघाल्या. हा फरक एवढा लहान आहे की त्यावरून उघडं ऑपरेशन सरस म्हणता येत नाही, आणि दुर्बीण पक्की असंही म्हणता येत नाही. मामांना हा परिच्छेद जरूर वाचून दाखवा.

दहातल्या चार शिरा पुन्हा फाटतात हे वाचून छातीत धस्स होईल. पण त्या अभ्यासातली दुसरी बाजूही बघा. ज्यांची शीर पुन्हा फाटली त्यांनाही ऑपरेशनआधीपेक्षा बरं वाटत होतं. ज्यांची जुळून राहिली त्यांना त्याहून बरं. म्हणजे ती जुळावी यासाठी जे करता येईल ते करायचं.

आणि शीर जुळणं हे वाटेपेक्षा शिरेवर अवलंबून असतं. विरलेल्या चादरीला नवा दोरा घातला तर दोरा तुटत नाही, टाक्याशेजारचं कापड फाटतं. पुन्हा फाटलेल्या शिरांत बऱ्याचदा हेच दिसतं: अँकर जागेवर, दोरा शाबूत, शीर मात्र दोऱ्यातून निसटलेली. वय वाढलं की शीर विरते. फाटणं मोठं असेल, टोक फार मागे गेलेलं असेल तर ओढून आणलेल्या शिरेवर ताण राहतो. स्नायू बरेच महिने बिनकामाचा पडला की त्यात चरबी भरत जाते, आणि ती चरबी ऑपरेशननंतरही परत जात नाही. त्याची शून्य ते चार अशी प्रतवारी गूतालिए या फ्रेंच सर्जननी १९९४ मध्ये मांडली, तुमच्या रिपोर्टमधला ‘ग्रेड १’ तोच. एक म्हणजे चरबीच्या जेमतेम रेषा. चांगली बातमी आहे ती. दोन सेंटिमीटर म्हणजे मधलं फाटणं. इजा होऊन फाटलंय, नुसतं झिजून नाही. या सगळ्यावरून अण्णांची शीर जुळण्यासारखी आहे, आणि म्हणूनच मी ‘लांबवू नका’ म्हणते. आणखी वर्षभर थांबून तीच शीर तीन-चार सेंटिमीटर फाटली आणि ग्रेड तीनवर गेली, तर तेव्हा कितीही महागडी दुर्बीण आणलीत तरी आजची संधी परत मिळणार नाही.

अण्णा तंबाखू खातात का, विडी ओढतात का, हे पत्रात नाही. असेल तर आजपासून बंद, आणि शीर जुळेपर्यंत तरी बंदच. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आखडतात, आणि या शिरेला रक्त मुळातच कमी मिळतं. साखरेची तपासणीही करून घ्या. कितीतरी जणांना मधुमेह आहे हे ऑपरेशनआधीच्या तपासणीतच पहिल्यांदा कळतं.

मग डॉक्टर कसा निवडायचा? माझं मत विचाराल तर, जो सर्जन जी पद्धत नेहमी करतो त्याच्याकडून तीच करून घ्यावी. मिनी-ओपन नेहमी करणाऱ्याला ‘आम्हाला दुर्बिणीतूनच हवं’ म्हणून गळ घालू नका. ज्याचा हात दुर्बिणीवर बसला आहे त्याला ‘स्वस्तात उघडून करा’ असंही म्हणू नका. दोघांनाही सरळ विचारा: महिन्यात अशी किती ऑपरेशनं होतात? किती अँकर लागतील, कशाचे, आणि त्यांची किंमत सांगितलेल्या रकमेत धरली आहे का? आत गेल्यावर शीर हाडापर्यंत आली नाही तर काय कराल? दंडाच्या हाडावरची बायसेप्सची शीर खराब निघाली तर? बिलातला अँकरचा आकडा आधी विचारलेला बरा. डिस्चार्जच्या दिवशी तो कळला की घरच्यांची जी धावपळ होते ती मी पाहिलेली आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. हे ऑपरेशन तिथे कुठल्या पद्धतीने बसतं, बसतं की नाही, ते तो सांगेल. कारखान्यातून ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असेल तर तिथेही विचारा.

आणखी एक. घराजवळच्या डॉक्टरला मी जास्त गुण देते. टाके काढायला, मग सहा आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी दाखवायला जावं लागतं, आणि मध्ये काही दुखलं-खुपलं तर त्याच दिवशी दाखवता आलं पाहिजे. हात पट्ट्यात बांधून गाडीच्या गर्दीत पुण्याला ये-जा करणं कसं असतं ते पेशंट मला सांगतात. पुण्याच्या डॉक्टरांकडे अण्णांसाठी काही खास कारण असेल, समजा पुढचा स्नायूही फाटल्याची शंका असेल, तर जरूर जा. नुसत्या भोकांच्या आकारासाठी जाऊ नका.

आता मामांचं ‘महिन्याभरात कामाला’. या एका वाक्याने माझ्याकडचे जितके खांदे बिघडले तितके कुठल्याही पद्धतीने बिघडले नसतील. भोक लहान म्हणून आतली शीर लवकर जुळत नाही. दुर्बिणीच्या पेशंटचं दुखणं लवकर कमी होतं, भोकं पंधरा दिवसांत भरतात, आणि महिन्याने त्याला वाटतं आपण बरे झालो. मग तो पाण्याची बादली उचलतो. पुन्हा फाटायच्या त्या शिरा बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच फाटतात. दोन्ही पद्धतींत हिशेब सारखाच धरा: चार ते सहा आठवडे हात पट्ट्यात, त्या काळात मी किंवा अण्णांचा चांगला हात तो हलवेल तेवढंच हलणं. त्यानंतर स्वतःच्या जोराने हात उचलायला सुरुवात. तीन महिन्यांनी रबरी पट्टा आणि वजनं. मागावर उभं राहून कांडी बदलणं, तुटलेला धागा जोडणं हे हात कमरेच्या-छातीच्या उंचीवर ठेवून होतं, ते साधारण चार महिन्यांनी जमावं. बीम मात्र सहा महिन्यांआधी नाही, आणि त्यानंतरही एकट्या-दुकट्याने नाही. कारखान्याच्या मालकाशी हे बोलणं ऑपरेशनआधी करा. कर्ज काढायचंच असेल तर या सहा महिन्यांच्या घरखर्चासाठी काढा. पैशाच्या ओढीने तिसऱ्या महिन्यात मागावर परत गेलेला माणूस ऑपरेशनचा सगळा खर्च वाया घालवून बसतो, आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा?

घरी काय करायचं ते लेकीलाच सांगते, कारण हे तुमच्यावरच येणार. ऑपरेशनच्या वेळी मानेच्या बाजूला इंजेक्शन देऊन हात बधिर करतात. तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मेल्यासारखा पडून राहतो, घाबरू नका. बधिरपणा उतरायला लागला की दुखणं एकदम उसळतं, म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी मुंग्या यायला लागल्या की लगेच द्या, कळ सुरू व्हायची वाट बघू नका. पहिले काही आठवडे सपाट झोपवू नका, पाठीमागे उशा रचून अर्धं बसतं झोपवा. आपला टॉवेल घडी करून कोपराखाली ठेवा, म्हणजे दंड मागे पडणार नाही. कोपर अंगाच्या रेषेच्या मागे गेलं की शिवणीवर ताण येतो, आणि झोपेत तेच होतं.

काख धुणं हे सगळ्यांना अवघड वाटतं आणि उन्हाळ्यात तिथेच कातडी सोलवटते. अण्णांना चांगल्या हाताने टेबल धरून कमरेत वाकायला सांगा. पट्टा सैल केला की दुखरा हात आपोआप खाली लोंबतो आणि काख उघडते. हात उचलायचा नाही, लोंबू द्यायचा. ओल्या फडक्याने पुसा, कोरडं करा, सुती कापडाची पातळ घडी ठेवा. शर्ट पुढून बटणाचा, घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. बोटं, मनगट, कोपर दिवसातून पाच-सहा वेळा हलवायचं. कोपर अंगाला चिकटवून ताटातली भाकरी मोडायला बहुतेक सर्जन हरकत घेत नाहीत, तरी विचारून घ्या. ताप आला, जखमेतून पाणी यायला लागलं किंवा हात सुजून बोटं बधिर राहिली तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका, वय ६७, मधुमेह पंधरा वर्षांपासून. सहा महिन्यांपासून डावा खांदा दुखतो, वेणी घालता येत नाही, ब्लाउजचे मागचे हुक लागत नाहीत. पडले-बिडले नाही. एमआरआयमध्ये एक सेंटिमीटरचं फाटणं निघालं. ओळखीच्या सगळ्यांचं म्हणणं, दुर्बिणीतून लगेच करून टाका. काय करू?
जुळे सोलापूर

उत्तर: बाई, लगेच काही करू नका. साठीनंतर कितीतरी जणांच्या खांद्यात असं फाटणं असतं आणि त्यांना पत्ताही नसतो. एमआरआयने फाटणं दाखवलं याचा अर्थ दुखणं त्यामुळेच आहे असा होत नाही.

घरीच एक गोष्ट बघा. खुर्चीत बसा, दोन्ही कोपरं कमरेला टेकवा, मुठी समोर. आता घरच्या कुणाला तरी मनगट धरून दोन्ही मुठी हळूच बाहेरच्या बाजूला न्यायला सांगा. तुम्ही जोर लावायचा नाही. उजवी मूठ सहज बाहेर जाते आणि डावी मध्येच अडकते, ढकलली तरी जात नाही, असं असेल तर तुमचा खांदा जखडला आहे. फाटलेल्या शिरेत हात स्वतःहून उचलत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर जातो. जखडलेल्या खांद्यात दुसऱ्यानेही जात नाही. मधुमेहात खांदा जखडणं खूप दिसतं, आणि तुम्ही लिहिलेल्या वेणी-हुकांच्या तक्रारी त्याच वळणाच्या आहेत. तसं असेल तर आधी जखडण सोडवायची. आखडलेल्या खांद्यावर शिवण घातली की तो आणखी आखडतो. सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर घ्यायला हरकत नसते, फक्त पुढचे काही दिवस साखर वाढते, तेव्हा घरी मोजत राहा आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना आधी कळवा.

आणि जखडलेला नसला तरी, इजा न होता झिजून फाटलेल्या शिरेला आधी तीन महिने व्यायाम द्यायचा. अमेरिकेत अशा चारशेहून जास्त पेशंटना ठरलेला व्यायाम देऊन दोन वर्षं पाहिलं. त्यातल्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी लोकांना ऑपरेशन करावं लागलं. नॉर्वेत मात्र लहान-मध्यम फाटणं असलेल्या १०३ पेशंटच्या अभ्यासात दहा वर्षांनी शिवलेले खांदे व्यायाम केलेल्यांपेक्षा बरे निघाले, हेही सांगायला हवं. पन्नाशीतला कष्टकरी माणूस असता तर मी त्या नॉर्वेच्या अभ्यासाकडे जास्त बघितलं असतं. तुमच्यासाठी व्यायाम, साखर ताब्यात, आणि वर्षभराने एक सोनोग्राफी, फाटणं वाढतंय का बघायला. सोनोग्राफी स्वस्त असते, पुन्हा एमआरआयची गरज नाही. व्यायाम मन लावून केला आणि तरी रात्रीची झोप मिळत नसेल, तर मग सर्जनकडे जा.

प्रश्न: मार्केट यार्डात कांद्याच्या पोत्यांची हमाली करतो, वय ५२. आठ महिन्यांपूर्वी छेद देऊन ऑपरेशन झालं. दुखणं बरंच कमी आहे, पण सोनोग्राफीत शीर परत फाटली म्हणतात. दुर्बिणीचं केलं असतं तर असं झालं नसतं का? आता दुर्बिणीतून परत करू का?

उत्तर: दादा, दुर्बिणीचं केलं असतं तरी हे होऊ शकलं असतं. वर पहिल्या उत्तरात आकडे दिलेत ते वाचा आणि ही रुखरुख सोडा. सोनोग्राफी बघून ऑपरेशन करायचं नसतं, माणूस बघून करायचं असतं. दुखणं कमी आहे, रात्री झोप लागते, हात वर जातो, तर दुसऱ्या ऑपरेशनची घाई नको. दुसऱ्यांदा शिवलेली शीर पहिल्यापेक्षा अवघड जुळते. उरलेले स्नायू भक्कम करण्याचा व्यायाम चालू ठेवा. पोतं पाठीवर घेताना दुखरा हात डोक्यावरून मागे नेऊन पोत्याचा कान धरता ना, ते सोडा, तो हात खाली कमरेशी ठेवा आणि दुसऱ्या हाताने धरा. गाडीवर थर लावायचं काम जोडीदाराला द्या आणि तुम्ही खालचं घ्या. हात अचानक उचलेनासा झाला किंवा दुखणं पुन्हा पहिल्यासारखं वाढलं, तर मात्र पंधरा दिवसांच्या आत सर्जनला दाखवा.

प्रश्न: बाळीवेशीत राहतो, वय ४१. सप्टेंबरच्या शेवटी दुर्बिणीतून शीर जोडली. आता काहीच दुखत नाही. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज (मिरवणुकीतली मानाची उंच काठी) धरायला चालेल का? आमच्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आलंय.

उत्तर: या वर्षी नाही, सरावालाही नाही. संक्रांतीला तुमच्या शिवणीला साडेतीन महिने होतील, म्हणजे तेव्हा तुम्ही रबरी पट्ट्याने ताकद वाढवायला नुकती सुरुवात केलेली असेल. एवढा उंच नंदीध्वज वाऱ्याने, गर्दीच्या रेट्याने एका बाजूला कलला की धरणारा विचार करून सावरत नाही, हात आपोआप झटक्याने जातात. तुमच्या शिरेला आज नेमका तो झटका सोसवणार नाही, आणि दुखत नाही म्हणून ती जुळली असं समजू नका. बाराबंदी घालून मिरवणुकीत चाला, अक्षता सोहळ्याला या, फक्त गर्दीत डावा-उजवा धक्का लागणार नाही अशी जागा धरा. पुढच्या वर्षी यात्रेच्या तीन महिने आधी दोन्ही खांद्यांची ताकद मोजून घ्या. सर्जनची परवानगी आणि दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या, असं दोन्ही असेल तर सरावाला लागा. तुमच्या जागी दुसरा माणूस तयार करायला वेळ लागतो, तेव्हा घरच्यांना आणि नंदीध्वजाच्या मानकऱ्यांना याच आठवड्यात सांगून टाका.